पडीक माळावरचा खेळ

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याने भवानीनगरचा साखर कारखाना आणि बेलवाडी मागे टाकून प्रवासी लासुर्ण्याच्या शिवारात शिरला, म्हणजे त्याच्या नजरेत प्रथम भरते ते पाणी आणि त्या पाण्याने निर्माण केलेले ऐश्वर्य. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलुखासाठी खोदलेला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागलेला नीरा डावा कालवा या भागातून जातो, आणि त्याच्या खालच्या अंगाला पार नीरा नदीपर्यंत उसाचे हिरवे फड असे दाट उभे असतात, की हा मूळचा अवर्षणप्रवण प्रदेश आहे यावर नवख्या माणसाचा विश्वास बसू नये. परंतु त्याच प्रवाशाने कालव्याच्या वरच्या अंगाला, कळस आणि कडबनवाडीच्या दिशेने, दोन-तीन कोस वाट तुडवण्याची तसदी घेतली, तर हिरवा रंग हळूहळू विरत जातो, पायाखाली मुरूम करकरू लागतो, कुसळी गवताचे पिवळे झुबके आणि तरवडाची झुडपे दिसू लागतात, मधूनच एखादा हिवर आपली विरळ सावली धरून उभा असतो, आणि या साऱ्यावर आकाश इतके विस्तीर्ण पसरलेले असते की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हा माळ. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणारा, आणि त्याहून अधिकाची अपेक्षा न करणारा.

या भूमीला महसुली दफ्तरात जी नावे आहेत ती बहुतेक अभाववाचक आहेत. जिच्यावर पीक उभे नाही ती मुलकी पड. खातेदाराच्या हद्दीत असूनही जी लागवडीस निरुपयोगी ठरली ती पोटखराबा. गुरांचा हक्क मान्य करणारे गायरान हे नाव तेवढे थोडे उदार आहे. जमाबंदीच्या हिशेबाला अशी वर्गवारी आवश्यक होती हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की या नावांनी आपल्या दृष्टीलाच एक सवय लावली, आणि जिथे सारा नाही तिथे काहीच नाही असे आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. मी ज्या दृश्याविषयी लिहिणार आहे ते अशाच एका पडीक तुकड्यावर, साधारण मार्चच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत, सूर्योदयानंतरच्या दीड तासात आणि सूर्यास्ताच्या आगेमागे घडत असते. ते दृश्य म्हणजे खोकडाच्या पिलांचा खेळ.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे, कारण आपल्या भाषेने या दोघांची सरमिसळ करून खोकडावर मोठा अन्याय केला आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे शृगाल, म्हणजे खरेखुरे कोल्हे. त्यांच्याविषयी वाद नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात इसापाच्या कथा मराठीत आल्या तेव्हा मूळ कथेतल्या धूर्त प्राण्यालाही आपण कोल्हाच म्हटले, आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण अशी रूढ झाली की त्या कथेतला प्राणी वास्तविक खोकडाचा भाऊबंद आहे, हे ज्या बोरी-कळसच्या परिसरात आज द्राक्षबागांचे मांडव उभे आहेत तिथेही कोणाच्या ध्यानात येत नाही. खोकडाच्या वाट्याला भाषेत उरले ते एवढेच, की अंगाने सुकलेल्या वृद्धाला ‘म्हातारं खोकड’ म्हणावे. ज्याने हा प्राणी एप्रिलच्या कोवळ्या उन्हात, शेपटीचा झुपका वाऱ्यावर सोडून धावताना पाहिला आहे, त्याच्या तोंडून हा शब्दप्रयोग पुन्हा सहजासहजी निघायचा नाही.

कोल्हा आठ-दहा किलो वजनाचा, भरदार. खोकड जेमतेम दोन-तीन किलोंचे, घरातल्या बोक्याहून फारसे जड नाही. पाय काटकुळे, मुस्कट निमुळते, कान मोठे आणि मागून गडद, अंगाचा रंग वाळल्या गवताचा, आणि शेपूट शरीराच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार, टोकाला काळी. ही काळ्या टोकाची शेपूट एकदा मनात ठसली की दुरूनही गफलत होत नाही. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८०० साली याचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा बंगालचे नाव त्याच्या कपाळी लागले ते कायमचे. वस्तुतः हा प्राणी हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत कोरड्या, उघड्या, झुडपाळ मैदानांचा रहिवासी असून भारतीय उपखंडाबाहेर तो कोठेही आढळत नाही. उंदीर, नाकतोडे, भुंगे, वाळवी, विंचू, सरडे, जमिनीवर घातलेली पक्ष्यांची अंडी, आणि त्यांच्या जोडीला बोरे, लिंबोळ्या, जांभळे असा त्याचा संमिश्र आहार आहे. शेतातल्या उंदरांचा बंदोबस्त तो विनावेतन करतो; तरी त्याची कृतज्ञतेने आठवण काढणारा शेतकरी मला क्वचितच भेटला.

खोकडाचे कुटुंब नर-मादीच्या जोडीचे असते. हिवाळ्यात मीलन होते, सुमारे पन्नास दिवसांच्या गर्भकाळानंतर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी दोन ते चार पिलांना जन्म देते, आणि त्यांच्या संगोपनात नरही वाटा उचलतो. एरवी झुडपाच्या सावलीत दिवस काढणारे हे जनावर या काळात बिळाचा आश्रय घेते. बीळ पुष्कळदा माळावरच्या उंदरांनी मुळात पोखरलेले आणि खोकडांनी रुंदावलेले असते, आणि त्याला अनेक तोंडे असतात. एका तोंडाशी संकट उभे राहिले तर दुसऱ्यातून निसटता यावे अशी ही योजना आहे. पिले महिन्याभराची झाली की बिळाच्या तोंडाशी येऊन बाहेरच्या प्रकाशाकडे डोळे मिचकावून पाहू लागतात, आणि तिथपासून प्रकरणाचा तो भाग सुरू होतो ज्यासाठी मी गेली काही वर्षे पहाटेच्या अंधारात लासुर्ण्याच्या पलीकडे जात आलो आहे.

मला हे बीळ दाखवले ते एका वृद्ध मेंढपाळाने. त्यांना सारे आबा म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्या पहिल्या पहाटे मी उत्साहाच्या भरात कॅमेऱ्याची पिशवी उघडू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पाव्हणं, आधी वारा कुनीकडनं हाय त्ये बगा. कॅमेरा मागनं काढा.” त्यांनी चिमूटभर फुफाटा बोटांतून खाली सोडला, तो आमच्याकडे आला. मग आम्ही एका हिवराच्या बुंध्याशी, बिळापासून दीडशे पावलांवर, घोंगडी अंगावर घेऊन बसलो, आणि अर्धा तास काहीही घडले नाही. पूर्वेला तांबडे फुटले, चंडोल वर चढून गाऊ लागला, दूर कोठेतरी माळटिटवी ओरडली. मग मातीच्या ढिगाऱ्यावर एक कान उगवला. नंतर दुसरा.

चार पिले होती. पहिले बाहेर आले ते सावकाश, नाक वर करून. दुसरे त्याच्या पाठीवरून घरंगळत. आणि तिसरे-चौथे एकाच वेळी तोंडाशी अडकून, कोणी आधी निघायचे याचा निवाडा न होताच बाहेर फेकले गेले. क्षणभर चौघेही उन्हात थबकली. मग पहिल्याने पुढचे पाय पसरले, छाती भुईला टेकवली, मागचा भाग वर धरला आणि शेपटी हलवली, आणि जणू एखादा हुकूम सुटावा तसा दंगा सुरू झाला. एकाने दुसऱ्याच्या मानेची कातडी धरली, दुसरा पाठीवर उताणा होऊन चारही पायांनी त्याला लोटू लागला, तिसऱ्याने या दोघांवर झेप घेतली ती अंदाज चुकून पलीकडच्या गवतात जाऊन पडली. एवढ्यात एकाला तितराचे पीस सापडले. ते पीस तोंडात धरून तो धावला, आणि त्या पिसाचे मोल त्याच्यामागे धावणाऱ्या तिघांनी क्षणात वाढवले. ते हिसकावले गेले, पुन्हा हिसकावले गेले, एकदा वाऱ्याने उडाले तेव्हा चौघांनीही त्यावर उडी घेतली. आणि शेवटी ज्याच्या हाती ते आले त्याने ते टाकून दिले, कारण मागे कोणी धावत नव्हते. एक पिलू तरवडाच्या झुडपामागे पोट भुईला लावून दबा धरून बसे, कान मागे घेई, मागचे पाय जागच्या जागी हलवून नेम धरी, आणि भाऊ जवळ आला की उसळे. त्या उसळीची ढब मी पुढे त्याच माळावर मोठ्या खोकडाच्या शिकारीत जशीच्या तशी पाहिली. गवतात उंदराची चाहूल लागली की ते असेच वर उसळते आणि पुढचे पाय एकत्र करून वरून झडप घालते.

मी आबांना विचारले, “भांडतायत का हो?” ते म्हणाले, “न्हाई. भांडताना त्वांड मिटल्यालं नि कान पडल्यालं असत्यात. ही खेळत्यात.”

खेळ आणि भांडण यांतला हा भेद ज्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यासला, त्यांचे निष्कर्ष आबांच्या या उत्तरापासून फार दूर नाहीत. १८९६ साली कार्ल ग्रोस या जर्मन विचारवंताने प्राण्यांच्या खेळावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादले, की बाल्य हे खेळासाठीच लाभलेले असून खेळ ही पुढील आयुष्याच्या व्यवहारांची पूर्वतयारी आहे. पुढे अमेरिकेतील मार्क बेकॉफ यांनी कुत्रा, लांडगा आणि कोयोटी यांच्या पिलांचे बारकाईने निरीक्षण करून १९९५ साली दाखवून दिले, की छाती टेकवून केलेले ते नमन केवळ खेळाचे आमंत्रण नसते. ज्या चाव्याचा विपर्यास होण्याचा संभव असतो, म्हणजे दातात धरून मान जोराने झटकण्याचा जो चावा खऱ्या शिकारीत जीव घेतो, त्याच्या आधी किंवा नंतर हे नमन विशेषेकरून येते. ‘हे मी खेळात केले’ असा खुलासाच तो. वाक्यात विरामचिन्हांनी जे काम करावे ते खेळात या नमनाने होते, असे त्यांनी म्हटले आहे. खोकड त्याच श्वान कुळातले आहे, आणि दीडशे पावलांवरून मी पाहिलेली नमने हा अर्थ सहज पेलतात.

परंतु ग्रोसच्या सिद्धान्ताहून मला जे अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच सकाळी, साडेसातच्या सुमारास, माझ्या डोळ्यांसमोर घडले. आकाशात एक घार गिरक्या घेत आली आणि तिची सावली बिळाजवळच्या मोकळ्या मातीवरून सरकली. ढिगाऱ्यावर बसलेल्या मादीने एकच तुटक आवाज काढला. चारही पिले अशी नाहीशी झाली की क्षणापूर्वी तिथे काही होते याचा मागमूस राहिला नाही. घार निघून गेली, मादी पुन्हा आडवी झाली, पिलेही काही वेळाने बाहेर आली. पण ती नुसती बसून राहिली. जवळजवळ वीस मिनिटे त्यांच्यापैकी एकानेही दुसऱ्याला डिवचले नाही. भय आले की प्राण्याच्या आयुष्यातून सर्वांत प्रथम जातो तो खेळ, आणि सर्वांत शेवटी परत येतो तोही खेळच. भूक लागलेले पिलू खाईल, दमलेले झोपेल, घाबरलेले लपेल. ज्याला या तिन्हींपैकी काहीच नाही तेच खेळेल. म्हणून एखाद्या माळावर खोकडाची पिले मनसोक्त खेळताना दिसली, तर त्या भूमीला अन्नाची ददात नाही, तिच्या पोटात सुरक्षित आसरा आहे आणि तिथला शेजार सुसह्य आहे, याचा तो दाखला समजावा. कोणत्याही दफ्तरातल्या नोंदीपेक्षा मी तो अधिक विश्वसनीय मानतो.

हे एकदा पटले की छायाचित्रण कसे करावे याचे सर्व नियम त्यातून आपोआप निघतात. ज्या छायाचित्रात पिले कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत आहेत ते छायाचित्र लोकांना आवडते, पण ते खेळाचे नाही, खेळ थांबल्याचे आहे. खेळ न थांबवता टिपायचा तर लांब पल्ल्याचे भिंग हवे, चारशे ते सहाशे मिलिमीटरचे. आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याने दुर्बीण घेऊन जावे, जवळ सरकून उणीव भरून काढू नये. मोटार जवळपास जाऊ शकत असेल तर तिच्यातच बसून राहणे उत्तम, कारण उभ्या माणसाच्या आकृतीला खोकड जितके बिचकते तितके थांबलेल्या वाहनाला बिचकत नाही. लपण करायचे तर ते पिले बिळात असताना, भर दुपारी, थोडक्या हालचालीत करावे, आणि बिळाच्या एकाही तोंडाची वाट अडवू नये. पिलांच्या झेपा टिपण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अवधीचे उद्भासन लागते, आणि तेवढा प्रकाश सूर्य हातभर वर आल्यावर मिळतो. परंतु नऊ वाजण्याच्या आतच तापलेल्या मुरमावरून हवा थरथरू लागते, आणि मग कितीही मौल्यवान भिंग असले तरी चित्र पाण्यातून पाहिल्यासारखे विरघळते. म्हणजे हाती असतो तो तासाभराचा अवकाश. कॅमेरा भुईसरपट ठेवावा, म्हणजे गवताच्या काड्यांमधून पिलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून जग दिसते. त्या डोळ्यांतली बाहुली मांजरासारखी उभी असते, कुत्र्यासारखी वाटोळी नव्हे, हे मला प्रथम एका छायाचित्रातच कळले. चमकदिवा वापरू नये, खाद्य टाकू नये, पिलांना बोलावण्यासाठी आवाज काढू नये. आणि छायाचित्र इतरांना दाखवताना ठिकाण गुप्त ठेवावे. हल्लीच्या मोबाइलमध्ये जागेची नोंद छायाचित्राबरोबर आपोआप होते, ती काढून टाकण्यास विसरू नये. माळ उघडा आहे, आणि खोकडाची बिळे पुष्कळदा वर्षानुवर्षे तीच राहतात. एकदा फुटलेले ठिकाण पुन्हा झाकता येत नाही.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, अपराधाच्या आठवणीने सांगतो. दुसऱ्या वर्षी मी एकटाच गेलो, आणि वारा मागून असतानाही पन्नास पावलांपर्यंत सरकलो. मिळालेली छायाचित्रे स्पष्ट होती, आणि त्यांपैकी एकाही चित्रात खेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी बीळ रिकामे होते. मादीने रात्रीतून एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडे नेले होते. तापल्या माळावर अशा स्थलांतरात तिचे किती श्रम गेले असतील आणि सर्व पिले सुखरूप पोचली असतील की नाही, हा विचार मला पुढे बराच काळ सोडीना. ती छायाचित्रे मी कोणाला दाखवली नाहीत.

माझ्यासारख्या एकट्यादुकट्या माणसाच्या आततायीपणापेक्षा मोठी संकटे या प्राण्यावर आहेत, आणि ती सर्व त्या अभाववाचक नावांशी निगडित आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने खोकडाच्या शिकारीला बंदी आहे. जागतिक यादीतही तो तूर्त संकटग्रस्त गणला जात नाही. पण कायदा प्राण्याला लागू होतो, त्याच्या पायाखालच्या भुईला तितक्या सहजी होत नाही. जी जमीन ओसाड समजली जाते तिच्यावर उपकार करण्याची इच्छा प्रत्येकाला होते. मग पोकलेन येऊन माळ सपाट होतो, शेततळे खोदले जाते, मुरूम उपसला जातो. कोठे सलग समतल चर खणून ग्लिरिसिडियाची रोपे लावली जातात, आणि गवताळ प्रदेशात झाडे दाट लावणे हे तिथल्या रहिवाशांच्या दृष्टीने घर मोडण्यासारखेच आहे हे लावणाऱ्या भल्या माणसांच्या गावीही नसते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर डॉ. अबी तमीम वनक यांनी खोकडांना रेडिओ-पट्टे बांधून दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना आढळले की खोकड मूळच्या गवताळ भूमीला सर्वाधिक पसंती देते, आणि जिथे मोकाट कुत्र्यांचा वावर आहे ते क्षेत्र टाळू पाहते. कुत्रा पिलांना मारतो एवढेच नव्हे, तर रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोगही माळावर आणतो. गावाच्या कडेला टाकलेला कचरा कुत्र्यांना पोसतो, आणि त्याची किंमत दोन कोसांवरच्या बिळात मोजली जाते. रुंदावलेल्या पालखी महामार्गावर रात्रीच्या भरधाव वाहनांचीही आता त्यात भर पडली आहे.

तरी सर्वच चित्र काळे नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरांचे, पण माळाला माळ म्हणूनच जपणारे. कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे अलीकडे वनखात्याने गवताळ प्रदेशाच्या सफारी सुरू केल्या आहेत, आणि ज्या भूमीकडे पाहण्यासारखे काही नाही असे समजले जात होते तिच्याकडे पाहण्यासाठी लोक पुण्याहून येऊ लागले आहेत. चिंकारा आणि लांडगा पाहण्यासाठी ते येतात. खोकड दिसले तर मार्गदर्शकाला थांबायला सांगून त्यांनी गाडीचे यंत्र बंद करावे, एवढीच माझी विनंती आहे.

मृगाचा पाऊस पडला की हा सारा संसार उधळतो. पिले चार-पाच महिन्यांची होत आलेली असतात, पाय लांब झालेले, शेपटीचे टोक काळे पडलेले, आणि एकेक करून ती आपापली वाट धरतात. तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे जाते, तोवर बिळावरची वर्दळ संपलेली असते. गेल्या वर्षी पालखी गेल्यानंतर दोन दिवसांनी मी आबांबरोबर तिथे गेलो. बिळाच्या मुख्य तोंडावर कोळ्याने जाळे विणले होते, त्यात पावसाचे थेंब अडकले होते, आणि ढिगाऱ्याच्या मातीतून नव्या गवताची कोवळी पाती वर आली होती. मेंढरांचा कळप त्या हिरव्याच्या वासाने सरळ तिकडे निघाला. आबांनी काठी आडवी धरून त्याला वळवले आणि चांगला शंभर पावलांचा वळसा घालून पलीकडे नेले. मी म्हणालो, “आबा, आता तर कोणी नाही तिथं.”

“न्हाई,” ते म्हणाले. “पर मेंढरांच्या खुरांनी ढासळंल ना त्ये. म्होरल्या साली लागंल त्यास्नी.”